रूटमध्ये शिरतंय कोण?

४ फेब्रुवारी २००२, सोमवार

श्री.

आजपासून रोज लिहिणार. पुढं पुरावा लागणार आहे. आमच्या हळद खरेदी संस्थेच्या सर्व्हरमध्ये चोर शिरून राहिलाय, आणि तो माझ्याच नावानं शिरतोय.

हकिकत अशी. सकाळी सर्व्हरवर रूट म्हणून लॉगिन केलं. रूट म्हणजे घरमालक, बाकीचे युजर भाडेकरू. रूट मी आहे. टेबलावर तशी पाटीच करून घेतली आहे: वर विश्वंभर, खाली रूट. सर्व्हर ज्यावर चालतो त्या युनिक्सची एक चांगली सवय आहे. आत गेलं की आधी सांगतं, यापूर्वी तुम्ही शेवटचे कधी आला होतात आणि कोणत्या टर्मिनलवरून. आज सांगितलं: शनिवार दुपार, टर्मिनल नंबर तीन.

शनिवारी दुपारी मी घरी झोपलो होतो. बायको रेवती साक्षीला आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे माझं घोरणं कुरुंद्याच्या वेशीपर्यंत ऐकू जात होतं. बाईला वाढवून सांगायची सवय आहे, पण साक्ष ती साक्ष.

टर्मिनल नंबर तीनवर माझ्या हाताखालची आकांक्षा बसते. संपला विषय.

५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळीच पासवर्ड बदलला. कोणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. आपण जागे झालोत हे चोराला कळता कामा नये.

माझ्या पासवर्डची रीत ठरलेली आहे. सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत श्रीगणेश, मग पुढं सुचेल ते. श्रीगणेशाशिवाय कुठलंही लिखाण सुरू करायचं नाही ही आमच्या घराण्याची शिस्त. आजोबा किराण्याच्या यादीवरसुद्धा वर श्री काढायचे. आज श्रीगणेशापुढं जन्मतारीख आणि कुलदैवत टाकलं. वीस-पंचवीस अक्षरं झाली. ये म्हणावं आता.

फक्त नोंद: दिवाळीत सासुरवाडीला गेलो तेव्हा तेव्हाचा पासवर्ड सेक्रेटरी गोपीचंदसाहेबांना दिला होता, मी परत येईपर्यंत. आल्याबरोबर बदलून टाकला. म्हणजे तो मेलेला पासवर्ड. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा शिरला! काल मी जेवायला घरी गेलो तेवढ्यात. टर्मिनल नंबर तीन. आणि हरामखोर एकदाही चुकला नाही. चुकलेल्या प्रयत्नांची ओळ कोरी. सकाळी बदललेला एवढा लांबलचक पासवर्ड, आणि दुपारी पहिल्या झटक्यात आत! हा भुरटा चोर नव्हे, ट्रेनिंग घेतलेला आहे.

आकांक्षाबद्दल लिहून ठेवतो. बीकॉम. वसमतला कॉम्प्युटरचा कोर्स. बाप जळबा आमच्याच यार्डात हळदीची पोती उचलतो. पोरगी प्रोबेशनवर आहे. मार्चअखेर ती कायम होणार की घरी जाणार ते ठरेल, आणि त्यावर संगणक विभागाचा प्रमुख म्हणून माझा शेरा लागतो. विभागात आम्ही दोघंच. माझ्या मनात जातपात अजिबात नाही. तिला मी जात कधी विचारली नाही. हजेरीपटावर आडनाव वाचलं तेवढंच.

आडून आडून विचारलं, काल दुपारी काय चाललं होतं. म्हणाली, सर, प्रिंटर अडकला होता, शेतकरी पावतीसाठी बोंबलून राहिले होते, मग मीच काढून दिला. तोंड वर करून सांगते! अडकलेला प्रिंटर सर्व्हरमध्ये रूट म्हणून गेल्याशिवाय कोणालाही सोडवता येत नाही, हे माहीत असताना प्रिंटरच्या आड लपते. इतकं निर्ढावलेलं पोरगं मी पाहिलं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

आणखी तीनदा बदलला. श्रीगणेशापुढं सासऱ्याचं नाव उलटं. श्रीगणेशापुढं रेवतीचं नाव उलटं. श्रीगणेशापुढं नुसते आकडे. चोर तिन्ही वेळा आत.

आज आंघोळ करताना उकललं. ती कळांच्या आवाजावरून ओळखते! माझं टेबल आणि तिचं टेबल यांत फक्त एक कपाट. कान देऊन बसत असणार. उपाय: पासवर्ड टाकताना रेडिओ मोठ्यानं लावणे आणि हातांवर टॉवेल. लगेच अंमलबजावणी केली. रेडिओवर भुईमुगावरच्या किडीची माहिती चालू होती.

गोपीचंदसाहेब आत आले. म्हणाले, विश्वंभरराव, टॉवेलाखाली काय करून राहिले, तब्येत बराबर हाय ना. मी एकच शब्द बोललो: सुरक्षा. साहेब जरा वेळ बघत उभे राहिले आणि गेले. दरारा बसला आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

एक हृद्य अनुभव. घाईत पासवर्डचे शेवटचे आकडे चुकलो. कळ दाबल्यावर लक्षात आलं. म्हटलं आता हाकलणार. तर नाही! सर्व्हरनं आत घेतलं. मुद्दाम बाहेर येऊन आणखी चुकीचा टाकला. श्रीगणेश नीट, पुढं नुसता कचरा. तरी आत!

डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं रोज त्याची धूळ पुसतोय, त्याला ऊन लागू नये म्हणून स्वतः पडदा लावतोय. मशीन असलं तरी त्याला माझी बोटं कळतात. दारातलं कुत्रं घरच्या माणसाला अंधारातही भुंकत नाही, तसं. रेवतीला सांगितलं. ती म्हणाली, मग चोरालाही भुंकत नसंल. या बाईला भावनाच नाहीत.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

औरंगाबादला सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. ज्यानं आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं तोच. बदललेला पासवर्ड चोराला कसा कळतो, विचारलं. तो लगेच विचारतो, पासवर्ड किती अक्षरी आहे आणि सुरुवात दरवेळी तीच ठेवता का.

अस्सं! म्हणजे हाही त्यांच्यातलाच. मी म्हणालो, मला काय दूधखुळा समजलास व्हय रे? तो म्हणे, सर, तुमच्या भल्यासाठीच विचारतो. सगळे भामटे भल्यासाठीच विचारतात. फोन आपटला. आता कोणावर विश्वास नाही. आकांक्षाची टोळी औरंगाबादपर्यंत पोचलेली आहे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाळत. जेवायला जातो असं मोठ्यानं सांगून निघालो आणि मागच्या दारानं गोदामात येऊन पोत्यांच्या थप्पीमागं दबून बसलो. तिथल्या जाळीतून टर्मिनल नंबर तीन सरळ दिसतं.

हळद नाकात गेली. शिंक दाबली. दुसरी दाबली. तिसरी दाबली तेव्हा वरचं फाटकं पोतं सरकून अंगावर आलं. जळबा पोती मोजायला आला होता, त्यानं मला ओढून काढलं. म्हणाला, साहेब, तुमी हितं काहून बसले? मी म्हणालो, स्टॉक चेकिंग. नखशिखांत पिवळा झालो होतो. यार्डातला एक काळतोंड्या म्हणाला, रेवतीवहिनीला ठाव हाय का, तुमाला दुसऱ्यांदा हळद लागली म्हणून. सगळे पोट धरून हसले. आकांक्षासुद्धा. ती सगळ्यांत जास्त.

चेहरा दोनदा धुतला. रंग गेला नाही. संध्याकाळी स्क्रीन पाहिली: मी पोत्यामागं शिंका दाबत होतो तेव्हाच चोर आत जाऊन आला होता. माझ्या डोळ्यांत हळद होती म्हणून दिसला नाही.

हसलीस ना? मार्चअखेर येऊ दे.

४ मार्च, सोमवार

लेखी तक्रार दिली. सेक्रेटरींना एक प्रत, उपाध्यक्ष उकंडरावांना एक. मजकूर: सदर कर्मचारी रूटचा पासवर्ड चोरून सर्व्हरमध्ये बेकायदा प्रवेश करते, तिला कायम करू नये, तात्काळ कमी करावे. भाषा सौम्य ठेवली. फक्त गुन्हेगार हा शब्द ठेवला, कारण त्याला दुसरा शब्द नाही.

गोपीचंदसाहेब वाचून म्हणाले, विश्वंभरराव, एकदा तिला समोर बसवून सरळ विचारा की. मी म्हणालो, चोराला विचारून चोरी कळत असती तर पोलीस कशाला ठेवले असते. साहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण मी ऐकून घेतलं नाही. वेळ नव्हता, पासवर्ड बदलायचा होता.

८ मार्च, शुक्रवार

गावभर झालं. मी फक्त चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडं आणि देवळात बोललो होतो. लोकांच्या पोटात काही राहत नाही.

दुपारी आकांक्षाची आई केशरबाई थेट ऑफिसात. शेतातून आली होती, पायाला माती तशीच. शेतकऱ्यांची रांग लागलेली, त्यांच्यासमोर सुरू झाली. म्हणाली, ओ साहेब, माझ्या लेकरानं काय चोरलं ते दाखवा, आत्ता दाखवा. काय नेलं तिनं तुमच्या डब्यातून? मी तांत्रिक भाषेत सांगायला लागलो तर म्हणाली, ते इंग्रजी तुमच्यापाशी ठेवा. पाच जणी कामाला असत्या तरी तुमाला माझीच पोरगी दिसली असती, काहून ते मला बराबर ठाव हाय. आमचं आडनाव वाचलं की तुमाला चोर दिसतो.

घोर अन्याय! मी आडनावाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तक्रारीत ते चार ठिकाणी आलंय, पण ते ओळख पटावी म्हणून.

आकांक्षा आईला धरून बाहेर घेऊन गेली. परत आली, जागेवर बसली, पावत्या काढायला लागली. डोळे लाल होते. मला एक क्षण कसंतरी झालं. मग आठवलं की गुन्हेगार असंच करतात.

१२ मार्च, मंगळवार

उकंडरावांनी फैसला लावला. वीस तारखेला संचालकांसमोर सिद्ध करून दाखवा. सिद्ध झालं तर पोरगी घरी. नाही झालं तर, म्हणाले, मग तुमचं बघू. मी हसून म्हणालो, जरूर बघा.

१९ मार्च, मंगळवार

सापळा लावला. इतका सुंदर सापळा या जिल्ह्यात कोणी लावला नसेल. आज संध्याकाळी पासवर्ड बदलला. रेडिओ बंद. टॉवेल नाही. एकेक कळ टक टक हळू वाजवत, आकांक्षा पलीकडं बसलेली असताना. श्रीगणेश, आणि पुढं एवढं अवघड की मलाच तीनदा पाठ करावं लागलं. पृथ्वीतलावर हा पासवर्ड फक्त मला माहीत आहे. उद्या ती आत गेली, म्हणजे कानानं चोरला. सिद्ध!

रेवतीला इस्त्री करायला सांगितलं. ती म्हणाली, त्या पोरीची नोकरी गेली तर तुमाला झोप लागंल का. म्हणालो, उत्तम लागेल. शर्ट स्वतःच इस्त्री करावा लागला.

२० मार्च, बुधवार

घडलं तसं लिहितो. पुढं कोणी विपर्यास करायला नको.

सगळे संचालक सर्व्हरच्या खोलीत. गोपीचंदसाहेब, उकंडराव, दारात जळबा आणि केशरबाई. मी प्रास्ताविक केलं. जरा लांबलं. मग आकांक्षाला म्हणालो, बस, आणि तुला जो पासवर्ड येतो तो टाक. ती बसली. टाकला. आत गेली.

मी टाळी वाजवली. एकट्यानंच. म्हणालो, पाहिलं? रंगेहाथ!

उकंडरावांनी तिला विचारलं, पोरी, हे तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, दिवाळीत गोपीचंदसाहेबांनी. विश्वंभरसर गावाला गेले होते आन प्रिंटर अडकला होता तवा. तेव्हापासून सर जागेवर नसले की मी तोच टाकते. गोपीचंदसाहेब छताकडं बघून म्हणाले, व्हय, मीच सांगितला. मी बी तोच टाकतो. शनिवारी तर मीच टाकतो, तिच्या टर्मिनलवरून.

मी म्हणालो, अशक्य. तो पासवर्ड मेलेला आहे. त्यानंतर मी अकरा वेळा बदललाय. साहेब खुर्चीवर बसले, दोन बोटांनी दिवाळीचा पासवर्ड टाकला. आत!

मग उकंडरावांना चेव चढला. सुरुवात काय असते म्हणाले. मी सांगत नव्हतो, आकांक्षानं सांगितली. त्यांनी चष्मा लावला, श्रीगणेश टाकलं आणि पुढं आपल्या बैलाचं नाव. आत! आणखी एका संचालकानं श्रीगणेशापुढं मला उद्देशून एक शब्द टाकला. तो इथं लिहीत नाही. तोही आत.

इंजिनिअरला फोन लावून स्पीकरवर घेतला. तो म्हणाला, या युनिक्समध्ये पासवर्डची पहिली आठच अक्षरं बघितली जातात, पुढचं सगळं फेकून दिलं जातं. श्रीगणेशातच आठ भरतात. त्यामुळं सर, तुम्ही पासवर्ड आजवर एकदाही बदललेला नाही. हे ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी वेरूळची लेणी बघायला गेलो होतो. इतिहासाची आवड आहे.

केशरबाई दारातून मोठ्यानं म्हणाली, झालं का सिद्ध? इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला होता.

२१ मार्च, गुरुवार

शांत डोक्यानं विचार केला. दोष मशीनचा आहे. आठच अक्षरं वाचायची होती तर बाकीची टाकू कशाला दिली? तोंडावर सांगायचं ना. माणूस पंचवीस अक्षरं टाकतोय, हे मुकाट्यानं घेतंय, वर आत या म्हणतंय. असल्या दगाबाज मशीनपुढं कोणीही फसेल. तक्रारीतला तांत्रिक भाग अजूनही भक्कम आहे. फक्त आरोपी चुकला.

ऑफिसात चहावाल्यानं माझा कप सोडून सगळ्यांना चहा दिला. बहुतेक विसरला असेल.

२७ मार्च, बुधवार

दोन ऑर्डरी निघाल्या.

एक: आकांक्षा कायम. संगणक विभागाची जबाबदारी तिच्याकडं. दोन: संस्था कनेरगाव नाक्याला नवीन खरेदी केंद्र उघडत आहे, तिथं केंद्रप्रमुख म्हणून माझी नेमणूक. प्रमोशनच म्हणायचं. संस्थेचा विस्तार माझ्यावर सोपवला आहे. केंद्रात कर्मचारी किती, विचारलं. गोपीचंदसाहेब म्हणाले, तुमीच.

चार्ज दिला. आकांक्षानं माझ्यासमोर रूटचा पासवर्ड बदलला. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो, मोठ्या मनानं. मग ती म्हणाली, सर, एकदा तरी सरळ मला विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. माझी आई आठ दिवस जेवली न्हाई. मी म्हणालो, चोराला कोणी सरळ विचारतं का. ती बघतच राहिली. मी दुरुस्ती केली: म्हणजे, चोर नव्हतीस, मान्य. पण तेव्हा होतीस ना.

ती पावत्यांकडं वळली. टेबलावरची पाटी पिशवीत घालून निघालो. माफी मागायला हवी होती असं रेवती म्हणते. मागणार होतो. एसटी सुटत होती.

८ एप्रिल, सोमवार. कनेरगाव नाका

कामाला जोर. एक खोली, एक वजनकाटा, एक फोन. समोर धाबा. कॉम्प्युटर नाही. आता मोकळेपणी मोठी कामं होतील. संकल्प: केंद्र जिल्ह्यात पहिलं आणायचं. दुपारी दोन ट्रकवाले पत्ता विचारून गेले.

गोपीचंदसाहेबांना सांगून ठेवलंय, सर्व्हरमध्ये काही गडबड झाली तर बेधडक फोन करा, मनात काही ठेवणार नाही. ती पोरगी हुशार आहे, पण अनुभव नाही. फार तर आठवडाभर चालवेल. मग बोलावतीलच.

१७ एप्रिल, बुधवार

फोन आला नाही. बहुतेक लाजत असतील.

२९ एप्रिल, सोमवार

हळदीचा भर हंगाम. आता तर सर्व्हरवर भयंकर लोड असणार. प्रिंटर अडकत असणार. शेतकरी दंगा करत असणार. जेवायला धाब्यावर जात नाही, डबा फोनपाशीच खातो.

७ मे, मंगळवार

फोनच बंद असणार. दुसरं कारण असूच शकत नाही. नाक्यावरच्या लाइनचा भरवसा नाही. तपासण्यासाठी मीच संस्थेत लावला.

आकांक्षानं उचलला. मी अधिकारानं विचारलं, सर्व्हरची काही अडचण. म्हणाली, न्हाई सर, सगळं बराबर चालून राहिलंय. प्रिंटर, विचारलं. म्हणाली, त्याची सोय केली, आता रूटची गरजच पडत न्हाई. मागं कोणीतरी हसत होतं, पण माझ्यावर नसावं, त्यांचं त्यांचं काहीतरी चाललं होतं. मग ती थांबली, आणि आवाज खाली घेऊन तिनं मलाच विचारलं, सर, तुमाला काही अडचण हाय का तिकडं?

नाही म्हणालो आणि ठेवून दिला.

फोन बराबर चालू आहे.